रि: रि: ट्रान्सक्रिप्ट तातडीचं + गुरुवारचा डेमो

वृषाली:
मंडळी, कालच्या मेलवरच लिहितेय, इथे शाळेत शिकवायच्या माझ्या लायसन्सबद्दल. मी काढलेला भारतातल्या डिग्रीचा इव्हॅल्युएशन रिपोर्ट चालणार नाही म्हणे, त्यात नुसती डिग्री लिहिलीय. न्यू जर्सीला कोर्स-बाय-कोर्स लागतो, म्हणजे फिजिक्सचे 30 क्रेडिट आणि त्यातले 12 वरच्या लेव्हलचे हे पेपरवार दिसलं पाहिजे, तर सीई (शिकवायला लागणारं पात्रता प्रमाणपत्र) मिळणार. त्यासाठी विद्यापीठाचं सीलबंद ट्रान्सक्रिप्ट हवंय आणि माझ्याकडे आहेत फक्त मार्कशीटा, त्याही लॅमिनेट केलेल्या. या पंधरवड्यात पुण्याला कोण जातंय? आणि गुरुवारी नववीपुढे शिकवून दाखवायचा डेमो आहे, 40 मिनिटं, ग्रॅव्हिटी. 'इंटरस्टेलर'मधल्या पाण्याच्या ग्रहापासून सुरुवात करू का?

अतुल:
वृषाली, पाकीट कुणाकडेही आलं तरी फोडायचं नाही हे घरच्यांना फोन करून बजावून सांग!! आमच्या हिच्या वेळी आईने कौतुकाने उघडून बघितलं, ते बाद झालं, परत अर्ज, परत फी, चार महिने गेले आणि ती जागा पण गेली. आणि बेसिक स्किल्सची प्रॅक्सिस (शिक्षकांची परीक्षा) भरू नकोस, ती अट 1 जानेवारी 2025 पासून काढलीय, विषयाची मात्र द्यावी लागते. सीईसाठीचा 50 तासांचा कोर्सही आत्ताच सुरू कर, कागद येईपर्यंत तो उरकेल.

मयुरा:
सिनेमा कशाला, चादर ताण, मध्ये नारळ ठेव, कडेने गोट्या सोड. गणपतीत विज्ञान कोपऱ्यात केलं तेव्हा पोरं जेवायला उठेनात. निळी चादर आपल्या शाळेच्या कपाटात आहे, घेऊन जा.

नंदाताई:
कपाटातलं सामान शाळा समितीला विचारून न्यायचं असं जूनच्या मीटिंगमध्ये ठरलंय. वृषालीला ना नाही, पण मेल मला करावी. मागे गेलेला प्रोजेक्टर तीन आठवड्यांनी आला आणि त्याची वायर अजून आलेली नाही.

प्रभाकरकाका:
मयुरा, राग मानू नकोस, पण बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलंय म्हणून सांगतो, चादर नको. नारळ खाली दबतो तो पृथ्वी ओढते म्हणून, म्हणजे ग्रॅव्हिटी समजावायला आपण ग्रॅव्हिटीच वापरली. शिवाय आइनस्टाइन म्हणतो वस्तुमानामुळे जागा आणि वेळ दोन्ही वाकतात, चादर दाखवते फक्त जागेचं वाकणं. हातातून सुटलेला खडू खाली पडतो तो मुख्यतः वेळेच्या वाकण्यामुळे, आणि ते चादरीत कुठेच येत नाही. सिनेमा त्या बाबतीत सरस आहे, ग्रॅव्हिटी जास्त तिथे वेळ हळू चालतो हे त्यात दिसतं. वृषाली, त्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं, जवळजवळ एकसष्ट हजार पट. हा गुणाकार फळ्यावर मुलांकडूनच करून घे. मग विचार, आपला हा 40 मिनिटांचा तास तिथे झाला तर इथे किती काळ जाईल? चार वर्षं आठ महिने. म्हणजे तास संपवून परत येईपर्यंत यांच्या वर्गातली बाकीची मुलं हायस्कूल संपवून कॉलेजात गेलेली असतील. हे एकदा पोरांच्या डोक्यात शिरलं की पुढचं सोपं आहे.

मयुरा:
काका, राग नाही, पण नववीची मुलं समीकरण बघून गप्प बसतात आणि गोटी गोल फिरली की प्रश्न विचारतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. चूक पुढच्या वर्षी सुधारता येते, गेलेली आवड परत आणता येत नाही.

प्रभाकरकाका:
आवड लावायला चुकीचं चित्र लागत नाही. खिशातला फोन काढायला सांग. जीपीएसच्या उपग्रहातलं घड्याळ आपल्यापेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे जातं. उंचीमुळे 45 पुढे, वेगामुळे 7 मागे. हे दुरुस्त केलं नाही तर रोज दहा-अकरा किलोमीटरची चूक साचत जाईल. सिनेमातली सात वर्षं आणि खिशातले 38 मायक्रोसेकंद, नियम एकच.

संदीप:
काकांच्या मेलवरून आठवलं, त्या सिनेमाचे विज्ञान सल्लागार किप थॉर्न, त्यांना 2017 चं नोबेल मिळालं ते लायगोच्या (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) कामासाठी, आणि लायगो-इंडियाची जागा आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ! चार-चार किलोमीटरचे दोन हात असणार. माझं आजोळ तिथलंच, लहानपणी त्या माळावर आम्ही बोरं वेचायचो. वृषाली, वर्गात हे नक्की सांग गं.

नंदाताई:
चादर लागणार आहे की नाही ते कळवा. किल्ली माझ्याकडे आहे आणि बुधवारी मी घरी नाही.

वृषाली:
नंदाताई, चादर नको, किल्ली राहू दे. मयुरा, गोट्या तेवढ्या आणते, सुरुवातीला प्रत्येकाच्या हातात एक देऊन खाली सोडायला सांगेन आणि "का पडली?" एवढंच विचारेन. मग सिनेमा, मग काकांचा गुणाकार, शेवटी फोन. काका, उद्या रात्री फोनवर एकदा पूर्ण तास म्हणून दाखवू का? घड्याळ लावून ऐका. संदीप, औंढ्याचा नकाशा टाकतेय. पण पुण्याचं कुणीच बोललं नाही हो!

संदीप:
अगं मेहुणा 14 ला निघतोय, कोथरूडलाच उतरणार आहे. अथॉरिटी लेटर आणि मार्कशीटच्या झेरॉक्स आज पाठव. पाकीट फोडणार नाही, त्याला सांगितलंय.