मदत हवी आहे: आठ वर्षांच्या पत्रमैत्रिणीला काय लिहावं?

पत्रमैत्री उपक्रमात आठ वर्षांच्या मुलीला पहिलं पत्र पाठवायचं आहे. मसुदा दोन पानी झालाय. शेवटी शाळा, छंद, आवडता रंग, मैत्रिणी असे सात प्रश्न आहेत. प्रश्नपत्रिकाच वाटतेय. काय कापू?

प्रतिसाद १
सातातला एकही ठेवू नका, नवा एकच घाला. ‘शाळा आवडते का?’ याला उत्तर ‘हो’, की पत्र खलास. ‘दप्तराच्या तळाशी काय काय सापडतं?’ विचारलंत तर ती दप्तर उपडं करून यादी लिहील.

एक पान, तेही पाठकोरं, ८० ते १०० शब्द. स्केचपेन मागे उमटतं, म्हणून साधं पेन. दोन ओळींत बोटभर जागा सोडा. मुलांना छापील अक्षराची सवय असते, आपल्या घाईच्या अक्षरात ती जोडाक्षरांवर अडतात. ‘र’ला ‘व’ चिकटला की ‘ख’ होतो आणि ‘रवा’चं ‘खा’!

स्वतःची ओळख दोन ओळींत उरका. बाकी एकच गोष्ट, पण जवळून: ‘एक मुंगी खिडकीच्या कडेने साखरेचा दाणा ओढत होती. दोनदा पडला. मग दुसरी मुंगी आली.’ खाली चौकट आखून द्या, पुढचं चित्र ती काढेल.

प्रतिसाद २
शेवटी कोडंही चालेल. मात्र उत्तर त्याच पानावर उलटं लिहा. पुढच्या पत्रापर्यंत ताणलं तर तोवर कोडंच विसरलेलं असतं.

पाठवण्याआधी पत्राचा फोटो काढून ठेवा. महिन्याभराने ‘हो, तीन आहेत’ असं उत्तर आलं की काय तीन, ते आठवत नाही. दुसऱ्या पत्राची सुरुवात तिच्याच मजकुरावरून करा. चुका काढू नका. तिने ‘फुलपाखरु’ लिहिलं तर तुमच्या वाक्यात ‘फुलपाखरू’ सहज येऊ द्या.

पाकिटात नाणी-बटणं नकोत, टपालाच्या यंत्रात पाकीट फाटतं. चमकी तर नकोच. घरभर होते आणि केर पालक काढतात.

धागाकर्ती
आभार! उत्तरासाठी पाकीट सोबत घालू का?

प्रतिसाद १
घाला, पत्ता लिहून, तिकीट लावून. ती दुसऱ्या देशात असेल तर तुमचं तिकीट तिथे चालणार नाही, नुसतं पाकीट द्या. आणि पत्ता घरचा की संस्थेचा, हे उपक्रमवाल्यांना आधी विचारा. पत्र पालक वाचणार हे धरूनच लिहा. शाळेचं नाव, जाण्यायेण्याच्या वेळा विचारायच्या नाहीत. ‘हे आपल्यातच ठेव हं’ असं तर गमतीतही नाही.