मदत हवी आहे : युद्धात धरणं आणि नळाचं पाणी

नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. येत्या शनिवारी बारावीच्या मुलांपुढे या विषयावर बोलायचं आहे आणि दोन ठिकाणी अडले आहे.

६ जून २०२३ ला युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं. जलाशय सुमारे १८ घन किलोमीटरचा, म्हणजे आपल्या कोयनेच्या सहापट! पण मला जास्त अस्वस्थ करतं ते युक्रेनमधलंच मिकोलाइव्ह शहर. एप्रिल २०२२ मध्ये नीपर नदीवरून येणारी त्यांची जलवाहिनी लढाईत निकामी झाली. आधी नळ कोरडे, मग नळाला खारं पाणी. ते पिता येईना, वर त्याने पाइप आतून गंजून फुटू लागले. माणसं कॅन घेऊन रांगेत उभी.

युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलमध्ये कलम ५४ पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेला, तर कलम ५६ धरणांना संरक्षण देतं. मात्र धरण त्याच्या नेहमीच्या कामापलीकडे वापरलं जात असेल, त्याचा लष्करी कारवाईला नियमित, भरीव आणि थेट आधार असेल आणि तो थांबवायला हल्ल्यावाचून दुसरा मार्ग नसेल, तर कलम ५६ चं हे खास संरक्षण उरत नाही. हे नेमकं ठरवतं कोण? हल्ला करणाराच? शिवाय भारत या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही, मग आपल्या धरणांचं काय? कायद्याच्या जाणकारांनी कृपया सोप्या शब्दांत सांगा.

पाणीपुरवठा खात्यात काम केलेलं कुणी आहे का इथे? खाऱ्या पाण्याने खाल्लेले पाइप दुरुस्त होतात, की सगळं जाळंच बदलावं लागतं? मुलं हे विचारणारच.