क्लेरमाँचा २०१२-१३चा हंगाम अजून कोणाच्या डोक्यातून गेला नाहीये का?

पिवळानिळा:
मंडळी, इथे रग्बी पाहणारे थोडे, त्यातून फ्रेंच क्लबांचं वेड असणारे आणखी थोडे. तरी विचारतो. त्या वर्षी मी शिकायला क्लेरमाँ-फेराँला होतो आणि त्या संघाने जीव लावला तो कायमचा.

आधीच्या वर्षी बोर्दोला हायनिकेन कपच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य सामन्यात आयर्लंडच्या लेन्स्टरकडून १९-१५ ने हरलो होतो. आमचा फोफाना रेषेपार गेला होता, पण चेंडू टेकवताना हातातून निसटला. म्हणून या हंगामात सगळे पेटून उठले होते. हायनिकेन कपच्या गटात सहाच्या सहा सामने जिंकले. त्यात लेन्स्टरला दोनदा हरवलं, दुसऱ्यांदा तर त्यांच्याच डब्लिनमध्ये, २८-२१. लेन्स्टर तेव्हा सलग दोन वर्षांचे विजेते होते! मग बाद फेरीत मोंपेलिएला हरवलं, मग मन्स्टरला. आणि १८ मे २०१३ ला पुन्हा तेच डब्लिन, तेच अविवा स्टेडियम, अंतिम सामना, समोर फ्रान्सचाच टूलाँ.

मध्यंतराला ३-३. नंतर आमच्या नलागाचा ट्राय (चेंडू रेषेपार टेकवला की पाच गुण), पाठोपाठ ब्रॉक जेम्सचा, १५-६. प्लास द जोदच्या चौकात शेजारचे अनोळखी आजोबा माझा खांदा धरून हलवत होते. आणि मग टूलाँचा डेलन आर्मिटेज सुटला. मागे जेम्स जिवाच्या आकांताने धावतोय आणि हा रेषेआधीच त्याला हात हलवून टाटा करतोय. त्यांच्या विल्किन्सनने कन्व्हर्जन (ट्रायनंतरची दोन गुणांची किक) मारलं. १६-१५.

माझं ठाम मत आहे, त्या वर्षी युरोपात यांच्याइतकं देखणं कोणी खेळत नव्हतं. तुम्हाला काय वाटतं, सामना नेमका कुठे निसटला?

दुसरी रांग:
सगळे आर्मिटेजचा ट्राय धरून बसतात. मी आकडे मांडतो. क्लेरमाँचे दोन ट्राय, एक पेनल्टी (तीन गुणांची किक), एक कन्व्हर्जन. म्हणजे एका ट्रायवरचे दोन गुण सुटले, आणि हरले एकाने. पलीकडे विल्किन्सनने तीन पेनल्ट्या आणि ते कन्व्हर्जन, एकट्याने अकरा गुण केले.

दुसरं म्हणजे रकमधली झटापट, म्हणजे खेळाडू खाली पडल्यावर चेंडूसाठी होणारी रेटारेटी. टूलाँचे फर्नांडेझ लोबे, बास्तारो ही माणसं चेंडूवर वाकली की उठवता येत नसत. क्लेरमाँचा खेळ सगळा वेगावर. चेंडू रकमधून दोन सेकंद उशिरा आला की समोरची बचावफळी लागलेलीच असायची. तरी १५-६ नंतरही ते पसरून खेळत राहिले, त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. त्याच खेळाने तिथवर आणलं होतं.

टूलाँप्रेमी:
मी पलीकडच्या गोटातला, पण ते हात हलवणं मलाही आवडलं नाही. प्रतिस्पर्धी जीव तोडून धावत असताना असं करू नये. बाकी विजय आमच्या हक्काचा होता. ६-१५ वरून विल्किन्सनच्या वयाचा माणूस, चौतिशीला आठवडा उरलेला, इतका शांत राहतो हे पाहण्यासारखं होतं. आणि आमचंही सगळं गोड झालं नाही हो. दोन आठवड्यांनी टॉप १४च्या, म्हणजे फ्रेंच लीगच्या, अंतिम सामन्यात कास्त्रने आम्हाला १९-१४ ने गार केलं.

पिवळानिळा:
कास्त्रचं नाव काढलंत! त्याच कास्त्रने उपांत्य फेरीत आम्हाला २५-९ ने हरवलं, डब्लिनच्या जखमेवर खपली धरायच्या आत. सामना बघताना पाय जड झालेले दिसत होते. पुढच्या वर्षी आमच्या मार्सेल मिशेलिन मैदानावरची सलग ७७ सामने न हरण्याची मालिकाही त्यांनीच मोडली.

@दुसरी रांग, त्या दोन गुणांचा हिशेब पटला. तरी आमच्या किका मारणाऱ्या पाराला बोल लावायला जीभ रेटत नाही, त्या वर्षी कितीतरी सामने त्याच्याच पायाने काढलेत. आणि कप्तान रूजरी! आख्खी कारकीर्द एका क्लबला दिली त्याने. २०१० ला फ्रान्सची ढाल, म्हणजे टॉप १४चं विजेतेपद, उचलली, पण युरोपचा कप हातात यायला हवा होता. २०१५ आणि २०१७ ला पुन्हा अंतिम फेरी गाठली, पुन्हा हरले. पण २०१३ची गोष्ट वेगळी, तेव्हा कप आमचाच होता.

नवखी प्रेक्षक:
मी सिक्स नेशन्सपासून रग्बी पाहायला लागले, क्लबांचं काही पाहिलेलं नाही. यातला एकच सामना बघायचा तर कोणता?

पिवळानिळा:
डिसेंबर २०१२चा डब्लिनचा, लेन्स्टरविरुद्धचा. अंतिम सामना त्यानंतर बघा.