टँकर, बोअर आणि फ्लशची लाइन

सेक्रेटरी, ए-१०३: मार्चचा हिशोब टाकतोय. ६२ टँकर, प्रत्येकी १०,००० लिटर. एप्रिलचा मेंटेनन्स वाढणार, कृपया आधीच चिडून घ्या

बी-५०१: काका मी काल फॉरवर्ड टाकलेला ना, तिसरं महायुद्ध पाण्यावरून होणार म्हणून

ए-२०४: महायुद्ध जाऊदे, रोज सकाळी खाली पाइप लावून गाडी कोण धुतं ते आधी बघा

सी-३०२: आम्ही घरात दोघंच, समोर सहा जण, आणि टँकरचे पैसे सारखेच?? हे कुठलं गणित. मीटर बसवा प्रत्येक फ्लॅटला

सेक्रेटरी, ए-१०३: ताई एका फ्लॅटमध्ये पाण्याच्या चार लाइन उतरतात, चार मीटर लागतील. एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेत घेऊ विषय

बी-४०४: तिसरा बोअर मारूया का? शेजारच्यांनी ६०० फूट मारलाय

ए-६०२: म्हणून तर आपला ४०० फुटांचा आटला दादा. उद्या आपण ८०० मारू मग ते १००० मारतील. जगात सगळ्यात जास्त भूजल आपला देश उपसतो, त्यात आपली पण भर

बी-५०१: इस्राएलसारखं समुद्राचं पाणी गोड करायला पाहिजे सरकारने

ए-६०२: मुंबईला ठीक आहे, पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे, गोड केलेलं पाणी घाट चढवायचं लाइट बिल कोण भरणार

सी-१०१: मी लातूरची आहे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा सासूबाई तिकडेच होत्या. भाजी धुतलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं पाणी संडासात, अजून तीच सवय आहे त्यांना, इथे सगळे हसतात त्यांना. आणि त्या पहिल्या गाडीत किती पाणी होतं माहितीये? १० वाघिणी, ५ लाख लिटर. अख्ख्या शहरासाठी

ए-२०४: थांबा, आपले ६२ टँकर म्हणजे ६ लाख २० हजार. आपण एका महिन्यात त्या गाडीपेक्षा जास्त पाणी विकत घेतलं?? ४८ फ्लॅटसाठी??

बी-४०४: बापरे

सी-३०२: मग टेरेसचं पावसाचं पाणी धरा ना

ए-६०२: धरूच, पण आकडा बघा. टेरेस सगळे मिळून ९०० चौरस मीटर, आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिमी, एका चौरस मीटरवर १ मिमी पडला की १ लिटर. म्हणजे ६ लाख ३० हजार, गळती वगैरे जाऊन ५ लाख धरा. ५० टँकर, तेही अख्ख्या वर्षात. मार्च पण निघत नाही त्यात. बोअरमध्ये सोडायला चांगलंय, पण त्याने टँकर बंद होतील असं कोणी समजू नये. खरं पाणी फ्लशमध्ये जातंय. माणशी १३५ लिटरचा जो नियम आहे त्यातले ४५ निव्वळ फ्लशचे. आपण १९० माणसं, रोजचे साडेआठ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ रोज एक टँकर आपण संडासात ओततो आणि एसटीपीचं, म्हणजे आपल्या सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं, पाणी नाल्यात सोडतो. ते पाणी फ्लशला वापरायची वेगळी लाइन आहे आपल्याकडे, बिल्डरने दिलेली, आपणच बंद केली

सी-२०३: वास येत होता म्हणून बंद केली!! पाहुण्यांसमोर लाज वाटायची. ते पाणी मला घरात नको

ए-६०२: मावशी सिंगापूर तसलं पाणी शुद्ध करून परत वापरतं. नामिबियात विंडहूक शहर तर १९६८ पासून पितंय. आपण फक्त फ्लश करायचंय

सी-२०३: त्यांनी खुशाल प्यावं

ए-६०२: वास का येत होता ते विचारलं मी एसटीपीच्या ऑपरेटरला. लाइट बिल वाचवायला टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवायचा म्हणे. घाण खाणाऱ्या जंतूंना हवाच मिळाली नाही तर ते मरतात, मग टाकी सडणार नाहीतर काय

बी-४०४: कोणी सांगितलं होतं बंद ठेवायला?

ए-२०४: हो कोणी?

सेक्रेटरी, ए-१०३: मागच्या कमिटीचा निर्णय होता

बी-५०१: मागच्या कमिटीत पण तुम्हीच होता ना काका

सेक्रेटरी, ए-१०३: आजपासून ब्लोअर २४ तास चालू ठेवायला सांगतो. पाणी टेस्ट करून घेऊ, रिपोर्ट ग्रुपवर टाकतो, मग लाइन सुरू

सी-२०३: आधी ए विंगला सोडा. पहिल्या मजल्यावर. महिनाभर बघू मग आमच्याकडे