कॅम्पसवरची 'कासा' कुणाच्या पैशाने चालावी?

चिंचपोकळीकर
गेल्या नोव्हेंबरात मुलीच्या युनिव्हर्सिटीत गेलो होतो. तिथे लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांच्या, विद्यार्थ्यांचं एक घर आहे, त्याला सगळे नुसतं 'कासा' म्हणतात, म्हणजे घरच. मृतांच्या दिवसाची ओफ्रेंदा मांडली होती. पायऱ्यांची आरास, त्यावर कुणाकुणाच्या आजी-आजोबांचे फोटो, कातरकाम केलेल्या कागदी पताका, साखरेच्या कवट्या, एका फोटोपुढे कोकाकोलाची काचेची बाटली आणि सगळीकडे झेंडूच झेंडू. गौरीची आरास आणि सर्वपित्री एकाच दिवशी आल्यासारखं वाटलं. छान होतं, खोटं कशाला बोलू.

पण परतताना गाडीत मुलीशी वाद झाला, तोच इथे मांडतो. त्या घराची वीज, डागडुजी, दोन पगारी माणसं, सगळं युनिव्हर्सिटीच्या पैशातून. मी राहतो ऑस्टिनला. टेक्सासने 2023 मध्ये एसबी 17 हा कायदा केला, म्हणजे सरकारी युनिव्हर्सिट्यांतली विविधता-समावेशाची (डीईआय) ऑफिसं बंद. 1 जानेवारी 2024 पासून तो लागू झाला आणि इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीने, यूटी ऑस्टिनने, मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटरला टाळं लावलं. लॅटिनो विद्यार्थ्यांचा गटही त्याच्याच छत्राखाली होता. तेव्हा आकाश कोसळल्यासारखी ओरड झाली. माझ्या मते एवढं काही बिघडलं नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदणीकृत संघटनांना कायद्याने हात लावलेला नाही. जमा, नाचा, जेवा, कोण अडवतंय? आपली मंडळं वर्गणीवर उभी राहिली, सरकारपुढे हात पसरला नाही. पावतीपुस्तक घेऊन मी स्वतः फिरलोय. यांनी का फिरू नये?

रेवा_सा
काका, तुम्ही ओफ्रेंदा बघितलीत, शेजारच्या खोलीतलं टेबल बघितलं नाहीत. मास्टर्स करताना अशाच एका सेंटरमध्ये मी आठवड्याला दहा तास काम केलंय. (पगार बेताचा, पण कॉफी फुकट.) वर्षातले सणाचे दिवस चार-पाच. बाकी सगळे दिवस फॉर्मांचे.

एक मुलगा आठवतो. पहिलं वर्ष, घरात कॉलेजला जाणारा पहिलाच. फोन स्पीकरवर टाकून बसला होता. पलीकडे वडील, कुणाच्या तरी छपरावर कामाला, मागून खिळे ठोकल्याचे आवाज. शिष्यवृत्तीच्या सरकारी फॉर्मला, फाफ्साला, वडिलांच्या टॅक्सचे आकडे लागतात. वडील आकडे सांगायला तयार नाहीत, कारण सरकारला माहिती दिली की इमिग्रेशनचं कुणीतरी दारात येऊन उभं राहणार ही धास्ती. आमच्या ऑफिसातल्या बाईंनी फोन हातात घेतला. 'उस्तेद' म्हणत, म्हणजे आपलं अहो-जाहो करत, आधी गाव कुठलं ते विचारलं, मग तिकडचा पाऊस, मग त्यांची गुडघेदुखी. आकड्यांवर यायला वीस मिनिटं गेली. पोरगा शेजारी बसून नखं खात होता.

2023 च्या डिसेंबरअखेर फाफ्साचा नवा फॉर्म आला, तेव्हा ज्यांच्या आई-वडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नाही त्यांना कित्येक आठवडे तो पुराच करता येईना. अशा वेळी कुणाकडे जायचं हे ठाऊक असणारा माणूस पगारी लागतो. वर्गणीतून सामोसे येतात, असा माणूस येत नाही.

आणि वर्गणी देणार कोण? आपल्या मंडळात पावती फाडणारे इंजिनियर आणि डॉक्टर. त्या छपरावरच्या माणसाकडे पावतीपुस्तक घेऊन जाल?

खवचट_खापरपणजोबा
चिंचपोकळीकर, झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तुमच्या दसऱ्याच्या तोरणाची वर्गणी त्यांना देणं बाकी आहे. आधी तेवढी पावती फाडा, मग बोलू.

निखळ
मी चिंचपोकळीकरांच्या बाजूने, पण पैशासाठी नाही. मी इथे आलो तेव्हा इंडियन स्टुडंट असोसिएशनने विमानतळावरून उचललं, पहिले तीन दिवस जेवू घातलं. उपकार विसरणार नाही. पण पुढची दोन वर्षं मी त्यांच्याच घोळक्यात काढली. चौघे रूममेट, तीन तेलुगू आणि मी. दोन वर्षांत एकाही अमेरिकन माणसाच्या घरी जेवलो नाही. तेलुगू शिव्या मात्र अस्खलित येतात. पहिल्या नोकरीत लंचला कुणाशी काय बोलायचं कळेना, तेव्हा लक्षात आलं काय गमावलं ते. युनिव्हर्सिटीने स्वतःच्या खर्चाने असं घर बांधून दिलं की एकटेपणा जातो खरा, पण बाहेर पडायची निकडही जाते.

बखरकार
निखळ, तुम्हाला असोसिएशनने उचललं कारण तुम्ही परदेशातून आला होतात. ही मुलं त्याच देशात जन्मलेली, कित्येकांची घरं युनिव्हर्सिटीपासून तासाभराच्या अंतरावर. तरी त्यांना पाहुण्यासारखं वागवलं गेलं, भांडण तिथून सुरू झालं.

मार्च 1968 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन वस्त्यांतली हायस्कूलची मुलं हजारोंनी वर्ग सोडून रस्त्यावर आली. वर्षभराने, एप्रिल 1969 मध्ये, सँटा बार्बराच्या युनिव्हर्सिटीत बैठक झाली आणि वेगवेगळे विद्यार्थी गट 'मेचा' या एका नावाखाली आले. मोव्हिमिएंतो एस्तुदियांतिल चिकानो दे आस्त्लान याची ती आद्याक्षरं. चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन, आस्त्लान म्हणजे अ‍ॅझ्टेकांची दंतकथेतली मूळभूमी. स्पॅनिशमध्ये मेचा म्हणजे वात.

कॉर्नेल युनिव्हर्सिटीचा किस्सा तर ऐकण्यासारखा. 1993 च्या शरदात डॅनियल मार्टिनेझ या कलाकाराने तिथल्या मुख्य पटांगणातल्या पायवाटांच्या कडेने प्लायवूडच्या भिंती उभ्या केल्या, डांबर फासलेल्या, काळ्या ठिक्कर. त्यांवर कुणीतरी वांशिक शिव्या लिहिल्या, स्वस्तिकं काढली (हिटलरची, आपली नव्हेत). नोव्हेंबरात लॅटिनो विद्यार्थी निषेधाला जमले, तिथून थेट प्रशासनाच्या इमारतीत, डे हॉलमध्ये, घुसले आणि चार दिवस हलले नाहीत. त्यातून पुढच्या वर्षी लॅटिनो लिव्हिंग सेंटर हे वसतिगृह सुरू झालं. आणि तिथे कोणालाही राहता येतं, लॅटिनो असायची अट नाही. 1993 मध्येच यूसीएलएमध्ये, म्हणजे लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीत, चिकानो अभ्यासासाठी 14 दिवसांचं उपोषण झालं. शेतमजुरांचे पुढारी सेसार चावेझ त्याच एप्रिलमध्ये वारले होते. उपोषणातून जे केंद्र निघालं त्याला त्यांचं नाव दिलं.

तेव्हा 'युनिव्हर्सिटीने बांधून दिलं' असं म्हणू नका. यांनी ते उपाशी राहून घेतलंय.

चिंचपोकळीकर
बखरकार, माहिती उत्तम. पण 1993 मध्ये झगडून मिळवलं म्हणून 2024 मध्ये त्यावर प्रश्नच विचारायचा नाही? आपल्याकडे आंदोलनातून निघालेल्या किती संस्थांच्या पुढे जहागिऱ्या झाल्या, ते तुम्हाला मी सांगायला नको.

सायली_प
दोन्ही बाजू 'लॅटिनो' म्हणजे एकच गठ्ठा धरून चालल्यात, म्हणून लिहिते. माझी रूममेट एल साल्वादोर देशाची. कासामध्ये एकदा गेली, परत फिरकली नाही. का, तर सगळं मेक्सिकन. टाको, मारियाची (मेक्सिकन वाद्यवृंद), मेक्सिकोचाच झेंडा. तिच्या पुपुसा कोणाला माहीत नाहीत. (मक्याच्या पिठाची भरलेली जाड भाकरी, आत चीज आणि घेवडा, वर कोबीचं आंबट लोणचं. माझ्या आईने केली असती तर तिला पुरणपोळीची तिखट बहीण म्हणाली असती.) आमचा ब्राझीलचा लॅबमेट तर दारातच अडखळला, तो लॅटिनो आहे पण स्पॅनिश येत नाही म्हणून हिस्पॅनिक नाही.

आणि ज्यांना स्पॅनिश यायला हवं पण येत नाही, त्यांचे वेगळेच हाल. त्यांना 'नो साबो' म्हणून चिडवतात. 'मला माहीत नाही' हे चुकीच्या व्याकरणात म्हटलं की तसं होतं. 'मी गेली होतो' म्हणणारी आपली न्यू जर्सीची भाचरं डोळ्यांपुढे आणा.

नावावरूनही भांडणं. युनिव्हर्सिट्या पाट्यांवर 'लॅटिन्क्स' ('लॅटिनो'चं स्त्री-पुरुष भेद नसलेलं रूप) लिहीत होत्या, आणि प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेच्या 2024 च्या अहवालात तो शब्द स्वतःसाठी वापरणारे निघाले 4 टक्के. मेचाच्याच प्रतिनिधींनी 2019 मध्ये आपल्या नावातून 'चिकानो' आणि 'आस्त्लान' काढायचा ठराव केला, त्यावर जुने लोक चिडले. म्हणून पैसे बंद करा असं माझं म्हणणं नाही. पण ते घर नक्की कोणाचं, हा प्रश्न आतली मुलंसुद्धा विचारतात.

रेवा_सा
सायली, मान्य. आमच्याकडेही बायकांचं किचन आणि मेक्सिकन मुलांचा स्पीकर यांवरून रोज वाद. पण घर होतं म्हणून वाद तरी होता.

चिंचपोकळीकर, आता एक सरळ प्रश्न. तुमचं मंडळ 501 सी 3 मध्ये नोंदलेलं आहे ना? म्हणजे देणगीदाराला टॅक्समध्ये सूट मिळते. त्या सुटीचा भार कोणावर? आणि गणपती बसतो कुठे? पब्लिक स्कूलच्या सभागृहात, ना-नफा संस्थेच्या सवलतीच्या दरात. 'हात पसरला नाही' हे खरं, कारण पसरावा लागला नाही.

चिंचपोकळीकर
हो, नोंदलेलं आहे. हॉलही शाळेचाच. पण ती सवलत सगळ्यांना आहे, चर्चला, बॉय स्काउटना, आम्हाला. वंश विचारून नाही.

रेवा_सा
आमच्या सेंटरच्या दारावरही कोणी वंश विचारत नव्हतं. माझंच उदाहरण घ्या, मी सांगलीची. आणि यूटीच्या त्या बंद झालेल्या सेंटरखाली सहा गट होते, त्यांतल्या एकाच्या नावात 'देसी' शब्द होता. आपली पोरंही त्यात धरलेली. आपल्याला पत्ताच नाही, कारण गरज पडली नाही.

बखरकार
यात भर. 2020 मध्ये यूटी ऑस्टिनचे हिस्पॅनिक विद्यार्थी 25 टक्क्यांवर गेले आणि तिला 'हिस्पॅनिक सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन' हा दर्जा मिळाला. त्याचा मोठा बोलबाला झाला. चार वर्षांत सेंटर बंद.

निखळ
रेवा, त्या फोनवाल्या मुलाचं पुढे काय झालं?

रेवा_सा
पैसे मिळाले. तिसऱ्या वर्षी तोच त्या टेबलामागे बसायला लागला. माझ्याच शिफ्टला यायचा, दर वेळी उशिरा.

चिंचपोकळीकर
टेबलाचं पटलं. त्या बाईंचा पगार युनिव्हर्सिटीने द्यावा, लिहून देतो. पण पताका, मारियाची आणि नाचगाणं वर्गणीतून, यावर मी ठाम आहे. मुलीला हे कळवलं तर तिचं उत्तर: 'बाबा, ते वडील फोनवर बोलले कारण भिंतीवर पताका होत्या.' तिचे वडील मात्र तिचा फोन दोन वाक्यांत आटपतात, म्हणून उरलेलं भांडण दिवाळीत घरी आली की.