इंग्रजीतला 'इट' मुलांना कसा समजवायचा?

निळी_शाई
मी संध्याकाळी घरी सातवी आठवीच्या मुलांची शिकवणी घेते, सगळी मराठी माध्यमाची. परवा 'इट इज रेनिंग' आलं आणि एका मुलाने विचारलं, मॅडम इट म्हणजे ते ना, मग ते म्हणजे कोण, ढग का? मी म्हटलं नाही रे तो नुसता असतो तिथे, पण त्याचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. पुढे 'इट इज फाइव्ह ओक्लॉक', 'हू इज इट', 'इट इज गुड दॅट यू केम', सगळीकडे इट आणि दर वेळी वेगळंच काहीतरी. ते हा अर्थ पाठ करून घेतला तर मुलं 'ते पाच वाजले आहे' असं लिहितात. कोणी शिकवताना काही युक्ती वापरली असेल तर प्लीज सांगा.

ओटीवरचा_कंदील
ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न फार चांगला आहे, त्याला शाबासकी द्या आधी. त्याला उलट विचारा, 'उजाडलं' यात कोण उजाडलं? 'उकडतंय', 'मळमळतंय', 'सांजावलं', यात कर्ता कुठाय? आपल्या व्याकरणात यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतात, क्रियेचा भाव हाच कर्ता. आणि रूप बघा, उजाडलं, नपुंसकलिंगी एकवचनी! म्हणजे आपला इट क्रियापदाच्या शेपटात लपलेला असतो. आपलं क्रियापदच बरंच सांगतं, 'आलो' म्हटलं की मी, 'आलास' म्हटलं की तू, म्हणून कर्ता गाळला तरी चालतं. इंग्रजीत 'केम' वरून काहीच कळत नाही आणि साध्या विधानात कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवायची पद्धतच नाही, त्यामुळे कोणी नसलं की इटला बसवतात.

'इट इज गुड दॅट यू केम' मात्र वेगळं. तिथे इटला अर्थ आहे, तो मागून येणाऱ्या लांब वाक्याची जागा धरतो. आपण म्हणतो 'तू आलास हे बरं झालं', तो 'हे' म्हणजेच हा इट, फक्त आपण लांबलचक भाग आधी सांगून टाकतो.

काजूबी
वरच्या प्रतिसादाला प्लस वन. अजून एक प्रकार राहिला, 'इट वॉज रवी हू ब्रोक द ग्लास'. मुलं याचं 'तो रवी होता ज्याने ग्लास फोडला' करतात, वाचवत नाही. मराठीत 'रवीनेच फोडला', संपलं, अख्ख्या इट वॉजचं काम आपला एक 'च' करतो. पकडापकडीत 'यू आर इट' म्हणतात तेव्हा 'तुझ्यावर राज्य', हे सांगा, मुलं कधी विसरणार नाहीत.

बाकी माणसाला इट म्हणू नये हे नक्की शिकवा, तान्ह्या बाळाला चालतं पण मोठ्या माणसाला म्हटलं तर अपमान होतो. आमच्याकडे कोकणीत चेडूं म्हणजे मुलगी, आणि तो शब्द नपुंसकलिंगी, त्यात प्रेमच असतं, त्यामुळे मला कॉलेजात हे समजायला वेळ लागला होता.

जुनी_वही
इट्स लिहिताना मुलं मध्ये वरचा स्वल्पविराम देतात का? सगळीच देतात. त्यांना सांगा की 'त्याचा' या अर्थाचा इट्स हा शब्द तसा नवीन आहे. पूर्वी इंग्रजीत 'ही' म्हणजे तो, त्याचं पण हिज आणि इटचं पण हिजच होतं. 1611 साली किंग जेम्स बायबल छापलं त्याच्या पहिल्या आवृत्तीत इट्स नाहीच, मिठाने आपली चव गमावली तर, तिथे मिठाला 'हिज' लावलंय. हिज, हर्सला वरचा स्वल्पविराम लागत नाही तसं इट्सलाही नाही, तो आला की ते इट इज किंवा इट हॅज.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार! आज 'उजाडलं' पासूनच सुरुवात केली. तो मुलगा लगेच म्हणाला, मॅडम मग 'गडगडतंय' पण? वर्गात मग सगळेच असे शब्द शोधायला लागले. फक्त एक अडलं, 'इट टेक्स टू अवर्स' ला काय सांगू?

ओटीवरचा_कंदील
'दोन तास लागतात'. आपल्याकडे तिथे तासच कर्ता होतात, म्हणून एक तास लागतो आणि दोन तास लागतात. इंग्रजीत मात्र कितीही तास असू देत, टेक्स तसंच राहतं, कारण ते इटच्या मागे चालतं. पाच वाजले, एक वाजला, तेही असंच.