वॉबल बोर्डवर (डुगडुगणाऱ्या फळीवर) मिनिटभर टिकतो, पण मॅटवर घोटा पुन्हा मुरगळतो. पुढे काय द्यायचं?

कोच_मानकापूर
कबड्डीचा मुलगा आहे. वय १९, वजन ७० किलो, चढाईपटू. उजवा घोटा दीड वर्षात चार वेळा आतल्या बाजूला मुरगळला, शेवटचा चार महिन्यांपूर्वी. एक्स-रे साफ आहे. सूज नाही, चालताना-पळताना दुखत नाही. सहा आठवडे रोज १०-१५ मिनिटं वॉबल बोर्ड आणि थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) चारही दिशांना १५-१५ चे तीन सेट चालू आहेत. बोर्डवर डोळे उघडे ठेवून मिनिटभर आरामात उभा राहतो. तरी बोनस मारून वळताना किंवा पकडीवरून उडी मारून खाली येताना पाय 'सुटतो' म्हणतो. निवड चाचणीला सात आठवडे आहेत. बोर्डचा वेळ वाढवू, की डोळे मिटून करायला लावू? आणि घोट्याला आधाराची टेप रोज लावायची का?

फिजिओ_धंतोली
बोर्डचा वेळ वाढवू नका सर. बोर्डवर तो जे शिकायचं ते शिकला आहे.

पाय टेकल्यापासून घोटा आत वळून बाहेरचे लिगामेंट ताणले जायला शंभर मिलिसेकंदही लागत नाहीत. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू त्या झटक्याला उत्तर द्यायला सुरुवात करतात तीच साधारण ५० ते ८० मिलिसेकंदांनी, आणि प्रत्यक्ष जोर त्यानंतर येतो. म्हणजे पाय वळायला लागल्यावर स्नायू धावून येईल हा हिशेब जुळतच नाही. पंजा जमिनीला लागण्याआधी हवेत कसा धरला होता आणि स्नायू आधीच ताठ होते का, यावर सगळं अवलंबून आहे. वारंवार मुरगळणाऱ्यांचा पंजा टेकण्याआधीच थोडा आत झुकलेला असतो. बोर्डवर पाय कधी हवेत जातच नाही, मग ही सवय तिथे कशी सुधारणार? बोर्ड वाईट नाही, पण ती पहिली पायरी आहे.

उड्या सुरू करण्याआधी एक तपासणी करा. अनवाणी पाय भिंतीसमोर सरळ ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. पाय हळूहळू मागे घेत जास्तीत जास्त किती अंतरावरून गुडघा टेकतो ते अंगठ्यापासून भिंतीपर्यंत टेपने मोजा. दोन्ही पायांत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तो कमी करा. नडगीच्या खाली घोट्याच्या खाचेत बसणारं टॅलस हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. पंजा वर आला की ते खाचेत घट्ट बसतं, पंजा खाली झुकला की सैल होतं. घोटा पूर्ण वाकत नसेल तर पोरगा प्रत्येक वेळी त्या सैल अवस्थेतच उतरतो.

त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, २०-२५ मिनिटं, चार आठवडे असं:

पहिलं, एका पायावर उडी आणि थांबणं. मध्ये एक खूण करून पुढे, मागे, दोन्ही बाजूंना आणि तिरक्या दिशांना ४५ सेंटीमीटरवर टेप चिकटवा. कमरेवर हात, उडी, उतरून तीन सेकंद स्तब्ध, मग परत. दिवसाला चार दिशा घ्या, प्रत्येक दिशेला दहा उड्या. दुसरा पाय टेकला, हात सुटला, खुणेवर पाय पडला नाही, धड कलंडलं, उतरल्यावर सावरायला आणखी एक छोटी उडी मारली, यातलं काहीही झालं की ती चूक. दहापैकी दहा स्वच्छ झाल्या की ७० सेंटीमीटर, मग ९०. दिवस मोजून पुढे नेऊ नका, चुका मोजून न्या. पहिल्या आठवड्यात दिवसाला सगळं मिळून ६० च्या आसपास वेळा उडीवरून उतरणं, चौथ्यात १०० ते १२०.

दुसरं, उडी मारून थांबल्यावर मोकळ्या पायाने लांब टोकाला स्पर्श. तुमच्या खेळात हे आयतंच आहे. मागचा पाय हवेत असल्याशिवाय बोनस मिळत नाही, म्हणजे बोनस ही एका पायावरचीच परीक्षा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण नेमकं हेच सोडून देतात: कुठे उडी मारायची हे आधी माहीत नसणं. तीन बाय तीनचे नऊ चौकोन आखा, आकडे लिहा, तुम्ही आकडा ओरडा. सुरुवातीला पाच सेकंदांनी एक, मग तीन, मग लगेच. शेवटच्या आठवड्यात त्याला 'कबड्डी कबड्डी' म्हणत, दम न तोडता करायला लावा. लक्ष दुसरीकडे गेलं की घोट्याचं खरं रूप दिसतं.

चौथं म्हणजे स्थिर उभं राहणं. याला पाच मिनिटं पुष्कळ. जमिनीवर डोळे मिटून ३० सेकंद तीन वेळा, ते जमलं की फोमवर डोळे उघडे ठेवून चेंडू झेलत, आणि शेवटी फोमवर डोळे मिटून. घोटा सैल असलेले लोक तोल राखायला नजरेवर जास्त विसंबतात, म्हणून डोळे मिटण्याचा तुमचा विचार बरोबरच आहे. फक्त वॉबल बोर्डवर डोळे मिटायला लावू नका, तिथे पडून नवीनच दुखणं येईल.

उतरताना गुडघा २०-३० अंश वाकलेला आणि दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. बोटं आवळून जमीन धरत असेल तर थांबवा. भार टाच, अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीखालचा उंचवटा अशा तीन ठिकाणी हवा. अंगठ्याकडचा उंचवटा उचलला गेला की मुरगळण्याची तयारी झालीच म्हणा. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली तर उड्या निम्म्या करा, बंद नको.

खेळविज्ञान_विद्यार्थी
वरचं सगळं पटलं. पण सुरू करण्याआधी आकडे घेऊन ठेवा, नाहीतर चार आठवड्यांनी 'बरं वाटतंय' यापलीकडे हाती काही येत नाही.

वाय टेस्ट, म्हणजे एका पायावर तोल राखून पोहोच मोजण्याची चाचणी, हिला फक्त मोजायची टेप लागते. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने पुढे, मागे-आत आणि मागे-बाहेर जास्तीत जास्त लांब पोहोचायचं, टाच न उचलता. चार वेळा सराव, मग तीन मोजमापं. पायाची लांबी कमरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत घ्या. पोहोच भागिले लांबी गुणिले शंभर, म्हणजे टक्के येतात. पुढच्या दिशेत दोन पायांत चार सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक ही धोक्याची खूण. सराव न देता थेट मोजलं तर पुढच्या वेळची 'प्रगती' निव्वळ सवयीची निघते.

बाजूची उडी: ३० सेंटीमीटर अंतराच्या दोन रेषा, एका पायावर दहा वेळा जा-ये, घड्याळ लावून. १३ सेकंदांच्या आसपास किंवा वर गेला तर घोटा अजून तयार नाही. आणि डोळे मिटून ३० सेकंद उभं राहताना पंजाचा कुठलाही भाग किती वेळा उचलला जातो ते मोजा. पाच किंवा जास्त म्हणजे कच्चा.

सीएआयटी, म्हणजे घोटा किती अस्थिर आहे हे खेळाडूलाच विचारणारी प्रश्नावली, तीही भरून घ्या. एकूण ३० गुण, २४ किंवा कमी आले तर घोटा अस्थिर समजतात. त्याला एकट्याने भरू द्या. कोच समोर उभे असले की मुलं स्वतःला दोन-चार गुण जास्तच देतात.

हाडांचा_डॉक्टर
एक्स-रे साफ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. खेळल्यानंतर सांध्याच्या आत खोलवर ठणका, घोटा मधेच अडकणं किंवा दर सरावानंतर सूज असेल तर टॅलसच्या कूर्चेला इजा असू शकते. ती साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. पंजा बाहेर वळवताना हाताने अडवा आणि बाहेरच्या घोट्यामागे बोट ठेवा. तिथे दोरी सटकल्यासारखं लागलं तर पेरोनियल टेंडन जागचा हलतोय. या दोन्हींवर तोलाचा व्यायाम कितीही केला तरी पुरत नाही. यातलं काही नसेल तर व्यायामच. तीन ते सहा महिने नीट व्यायाम करूनही पाय सुटत राहिला तरच लिगामेंटच्या शस्त्रक्रियेचा विचार. दीड महिना बोर्डवर उभं राहणं मी त्यात धरत नाही.

रेशीमबाग_जुना_खेळाडू
टेप किंवा ब्रेसची (घोट्याला आधार देणाऱ्या पट्ट्याची) सवय लावू नका बापा, स्नायू ढिले पडतात.

फिजिओ_धंतोली
दादा, ही समजूत मैदानावर पक्की बसली आहे, पण ब्रेस लावून खेळल्याने पेरोनियल कमजोर होतात असं दिसलेलं नाही. तोलाचे व्यायाम ब्रेसविना, मॅटवरचा खेळ ब्रेस घालून, एवढी विभागणी पुरे. टेपचा खरा तोटा वेगळा आहे. २०-३० मिनिटांच्या खेळात तिची पकड बरीच सैल होते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घामाने त्याहून लवकर. मग सैल टेपच्या भरवशावर तो जोरात उतरतो. लेसचा ब्रेस मधेच घट्ट करता येतो. धातूची पट्टी किंवा कडक कप नसलेलाच घ्या आणि सामन्याआधी पंचांना दाखवा.

कोच_मानकापूर
मोजलं. भिंतीची चाचणी: डावा १० सेंटीमीटर, उजवा साडेसहा. डोळे मिटून उजव्यावर नऊ सेकंद टिकला आणि बोटं आवळतो. बाजूची उडी १६ सेकंद. अडकणं, ठणका, सटकणं काही नाही. आता?

फिजिओ_धंतोली
साडेतीन सेंटीमीटर खूप झाले. पहिले दोन आठवडे घोटा मोकळा करा, उड्या फक्त ४५ सेंटीमीटरच्या.

पाय स्टुलावर. जाड रबर बँड टॅलसवर, म्हणजे घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या खाली, पावलाच्या चढावर. बँडचं दुसरं टोक मागे खाली खांबाला. टाच टेकलेली ठेवून गुडघा पुढे न्यायचा, १५ वेळा, तीन सेट. बँड घोट्याच्या हाडांवर चढला तर नडगीच मागे ओढली जाते आणि नेमका उलटा परिणाम होतो. ही चूक फार होते. पुढे चिमटा बसल्यासारखं दुखलं तर बँड अजून खाली घ्या. त्यानंतर गुडघा वाकवून खालच्या पोटरीचं स्ट्रेचिंग, ३० सेकंद तीन वेळा, रोज.

थेराबँडचे १५ तो हसत करत असेल तर तो निव्वळ वेळ घालवणं आहे. जाड बँड घ्या, पंजा बाहेर झटकन, परत येताना चार मोजत. शिवाय एका पायावर टाचा उचलणं, भार अंगठ्याकडे ठेवून, १२ चे तीन सेट.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात वरचा उड्यांचा क्रम. सातव्यात नवीन काही नाही, उड्या निम्म्या. बाजूची उडी १३ च्या आत आणि भिंतीचा फरक दीडच्या आत आला नाही तर निवड चाचणीत ब्रेस घालूनही बोनसवर जोर देऊ नका. निवड झाली तरी व्यायाम सोडू नका. २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ५२२ खेळाडूंवरचा एक डच अभ्यास आला होता. घरीच आठ आठवडे तोलाचा व्यायाम करणाऱ्यांत वर्षभरात २२ टक्के जणांचा घोटा पुन्हा मुरगळला, न करणाऱ्यांत ३३ टक्के.

कोच_मानकापूर
ठीक. फोम कुठला? घरची उशी चालेल का?

खेळविज्ञान_विद्यार्थी
उशी नको, पाय एका बाजूला घरंगळतो. नागपुरात इतवारीत गादी-सोफ्याच्या फोमवाल्याकडे कडक, दाट फोम मागा. ५० बाय ४० सेंटीमीटर, सहा सेंटीमीटर जाड. विकत घेण्याआधी दुकानातच मुलाला एका पायावर उभं करा. तळवा खालच्या फरशीला लागल्यासारखा वाटला तर तो तुकडा सोडा. फरशीवर ठेवताना खाली रबरी मॅट घाला. उन्हाळ्यात व्यायाम सकाळी सातच्या आत उरका, घामेजल्या तळव्याने फोम सरकतो आणि त्या चुका घोट्याच्या खात्यात जमा होतात.